कुंभारमाठचा उतार

धुरीवाडा, मालवण
१० जानेवारी १९६५

जानकीवहिनी,

आधी 'सौभाग्यवती' लिहिलं, मग खोडलं, मग नवा कागद घेतला. दादा आहे, तू आहेस, म्हणजे तसं लिहायला हरकत नव्हती. पण सात वर्षांत एक ओळ न पाठवणाऱ्या नणंदेने ते लिहावं की नाही, हे मला ठरवता आलं नाही.

हा पत्ता तू इथेच टाकून गेलेल्या ट्रंकेच्या झाकणावरून उतरवला आहे. तुमची अक्षरं मी रांगोळी काढावी तशी काढली आहेत. रोटरडॅमच्या पोस्टमनला ती लागली तर पत्र पोचेल.

लिहायचं कारण एवढंच, की आपल्या दारातला रस्ता डांबरी झाला. दिवाळी झाल्यावर बांधकाम खात्याची माणसं आली, खडी पडली, रोलर आला. वाडीतली पोरं चार दिवस शाळेत गेली नाहीत. परवा वळणावर चुना फासलेले दगड रोवले. ते बघून मला एकटीलाच हसू फुटलं. दादा पडवीत होता. त्याने विचारलं, "काय झालां गो?" मी म्हटलं, "काय नाय." त्याला काय सांगू? या घरात तुझं नाव निघत नाही.

तू चुन्याची रेघ मारली होतीस ना, ती आठवली.

तू आलीस ते त्रेपन्न साल. बोट बंदरापासून लांब नांगरलेली, उतारू मचव्यातून काठावर यायचे. दादाने आधी उडी मारली, मग तुला हात दिला, आणि तू हात न धरता मागे वळून खलाशाला ओरडलीस. मचव्यात तुझी सायकल होती. नवी नवरी माप ओलांडून घरात येते, तू सायकल ढकलत आलीस. 'योहाना' हे नाव शेजारणींच्या जिभेवर बसेना. 'योहानकी, जाहानकी' करत करत आठवड्यात तुझी जानकी झाली. दादा तीन महिने राहिला आणि परत बोटीवर गेला. मग घरात तू आणि मी. मी विधवा होऊन तीन वर्षं झाली होती, आणि माझी मराठी तुला कळत नव्हती.

पण तुझा राग मला पहिल्या दिवसापासून कळत होता! बाजारातून आलीस की सायकल माडाला टेकवायचीस आणि तुमच्या भाषेत बोलत सुटायचीस. पुढे मी तुला पाटीवर अक्षरं शिकवली, आमची बोली शिकवली, आणि त्यातला पहिला उपयोग तू लोकांबद्दल तक्रार करायला केलास. "नर्मदे, घंटी वाजवलंय तर माणूस बाजूक व्हना नाय. उबो रवता. मागे बघता. हसता!" खरंच होतं ते. आमच्याकडे मागून घंटी वाजली की माणूस आधी कोण आलं ते बघणार, मग कुठे चाललीस ते विचारणार, आणि उत्तर मिळाल्याशिवाय वाट सोडणार नाही. दोन मैत्रिणी हात धरून चालत असल्या तर एक डावीकडे पळायची, एक उजवीकडे, आणि मग दोघी एकमेकींकडे परत धावायच्या, नेमक्या तुझ्या चाकापुढे. वळायचं म्हणून तू हात बाहेर काढलास की त्या बाजूचा दुकानदार उठून विचारायचा, "काय व्हया?" रस्त्यावर कोकमाची सोलं वाळत घातलेली असायची, जाळी पसरलेली असायची. "आमच्याकडे मोटारीचो रस्तो येगळो, सायकलीचो येगळो, चलणाऱ्याचो येगळो," तू म्हणायचीस. "हय सगळ्यांचो एकच. कोंबयेचो पण तोच."

आणि मोटारवाला बाबू! तो रस्त्याच्या बरोबर मधून मोटार हाकायचा. तू एकदा त्याला थांबवून जाब विचारलास. तो म्हणाला, "बाये, मधी सरळ आसा. बाजूक खड्डे आसत." त्याच्याकडूनच तू 'रस्तो काय तुझ्या बापाशीचो?' हे वाक्य शिकलीस आणि दुसऱ्याच दिवशी देवळाच्या मानकऱ्यांना ऐकवलंस. मी त्यांच्या घरी जाऊन तुझ्या वतीने हात जोडून आले. तुला ते कधी सांगितलं नाही.

मग ती रेघ. तू पहाटे उठून आपल्या दारापासून वडापर्यंत रस्त्याच्या मधोमध चुन्याची रेघ ओढलीस. जाणाऱ्यांनी एका बाजूने जावं, येणाऱ्यांनी दुसऱ्या. सकाळी बाजाराला निघालेल्या बायका रेघ बघून थबकल्या. कोणीतरी म्हणालं, करणी केलेली आहे. मग काय, रेघ ओलांडायला कोणी तयार होईना. जाणारे-येणारे, गुरं, बैलगाडी, सगळे एकाच अर्ध्यातून, आणि दुसरा अर्धा रस्ता दुपारपर्यंत मोकळा. तू पडवीत डोक्याला हात लावून बसलीस. मग हसायला लागलीस. मी इतकी वर्षं या घरात राहिले, पण इथे कोणाला इतकं हसताना बघितलं नव्हतं.

बस. रस्ता डांबरी झाला, एवढंच कळवायचं होतं. मी वाडीतल्या बालवाडीत मुलांना सांभाळते. दादाने बोटीची नोकरी सोडली. राधाबाई आहे.

नर्मदा


५ फेब्रुवारी १९६५

वहिनी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल म्हणून लिहिलंही नव्हतं.

मागच्या पत्रात मी 'राधाबाई आहे' एवढे दोनच शब्द लिहिले. पाकीट पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत तेच दोन शब्द डोक्यात. ती कशी आहे हे मी लिहिलं नाही. ती पडवीत चटईवर असते. कंबरेचं हाड सांधलं, पण वाकडं. सरपटत न्हाणीपर्यंत जाते. तिचा मुलगा लवू आचऱ्याला सासुरवाडीला जाऊन राहिला, महिन्यातून एकदा येतो. मी रोज सकाळी पेज आणि दुपारी कालवण नेते. गाव म्हणतं, नर्मदा केवढी पुण्यवान, भावजयीचं पाप फेडते.

हे वाक्य मी तुला लिहीत आहे, वहिनी. मला लाज वाटायला हवी होती ती सात वर्षांपूर्वी.

तू मला एकदा विचारलं होतंस, "तू खंय जातंस?" मी म्हटलं, विहिरीवर. "त्येच्या म्होरे?" बाजारात. "त्येच्या म्होरे?" मी म्हटलं, "त्येच्या म्होरे काय आसा?" तू दुसऱ्या दिवशी उजाडताना मला चिवल्याच्या पुळणीवर घेऊन गेलीस. ओहोटीची ओली, घट्ट वाळू. तू मागून सीट धरलीस आणि मी पहिल्यांदा सायकलीवर बसले. मासेमार समुद्रात गेलेले, किनाऱ्यावर कुत्रीसुद्धा नाहीत. मी पडायचे, लुगडं खोचायचे, परत बसायचे. महिन्याभरात तू सीट सोडलीस तरी मला कळेना. समुद्र एका बाजूला पळतो आहे असं वाटायचं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख कुठलं, असं कोणी विचारलं तर मी अजून तेच सांगेन. पण कोणी विचारत नाही.

वाळूवर मन भरेना म्हणून रस्त्यावर जायचा हट्ट मी धरला. मी. तू नको म्हणत होतीस. "रस्त्यार माणसां आसत," म्हणालीस. सत्तावन्नच्या शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना आपण कुंभारमाठला गेलो. रस्त्यावर कोणी नव्हतं. उताराला मी बसले, तू मागून सीट धरून धावत होतीस.

वळणानंतर राधाबाई दिसली. मासे विकून रिकामी पाटी डोक्यावर घेऊन मालवणला चालली होती, रस्त्याच्या बरोबर मधून. मी घंटी वाजवली. ती थांबली. मागे बघायला लागली, पण डोक्यावर पाटी, मान वळेना. ती डावीकडे सरकली, मग उजवीकडे. मी ब्रेक दाबायचा ते विसरले आणि ओरडले. काय ओरडले ठाऊक आहे? "चलूक येना नाय काय तुका?" तुझंच वाक्य. तुझ्या तोंडात ते कधी वाईट वाटलं नाही.

सायकल तिच्यावर आदळली आणि ती पालथी पडली; तिने मला बघितलंच नाही. तू धावत आलीस, मला उठवलंस, माझा पदर डोक्यावर घातलास आणि काजूच्या झाडांकडे ढकललंस. "जा. घराक जा. धाव!" मी धावले, वहिनी. वर झाडांत थांबून बघितलं. एसटी आली, बाबू तोवर तीच चालवायला लागला होता. तो खाली उतरला. तू सायकल धरून उभी होतीस, आणि तुझा आवाज वरपर्यंत आला, "माजी चूक. मी चलवत होतंय."

सगळ्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? चार वर्षं तू रस्त्यात उभी राहून माणसांना ओरडत होतीस. "आमका चलूक येना नाय म्हणा होती ना, आता म्हातारेक उडवल्यान," असं बाजारात बोलत होते. कोणी म्हणालं, मुद्दाम घातली. आणि सायकलीवर विधवा होती हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मे महिन्यात दादा आला. तू न्हाणीत होतीस. त्याने मला विचारलं, "नर्मदे, तू खंय होतंस तेवां?"

मी म्हटलं, "मी घरात होतंय."

पुढचं तुला ठाऊक आहे. मानकरी म्हणाले, देवळाच्या पायरीवर उभं राहून देवासमोर चूक सांग, आणि विषय मिटव. तू राधाबाईच्या घरी रोज जात होतीस, तिच्या शिव्या खात तिला पुसत होतीस, पण पायरीवर उभी राहीनास. दादा तुला गर्विष्ठ म्हणाला. गोऱ्या कातडीचा माज, असंही म्हणाला. त्या रात्री तू मला एवढंच म्हणालीस, "खोटां एकदा बोल्लंय. देवासमोर नाय बोलाचंय." आणि माझ्याकडे बघत राहिलीस. जूनमध्ये बघत होतीस, श्रावणात बघत होतीस, दसऱ्यानंतर पहिली बोट लागली त्या दिवशी मचव्यात बसूनही बघत होतीस. दादा बंदरावर आला नाही. मी आले होते. मी तोंड उघडलं नाही.

लिहून झालं. आता हे पत्र मी फाडायच्या आत टाकून येते.

नर्मदा


२४ मार्च १९६५

वहिनी,

तुला लिहिलं ते सोपं होतं. तू समुद्रापलीकडे आहेस. राधाबाई चार घरं पलीकडे.

शिमगा झाल्यावर मी पेज घेऊन गेले आणि दारातच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. "राधाबाय, त्या दिसा वयनी सायकल चलवत नाय होती. मी चलवत होतंय."

तिने चटईवर हात टेकून तोंड फिरवलं. मग म्हणाली, "पेज थंय ठेव आनि जा."

तीन दिवस तिने दार उघडलं नाही. पेज पायरीवर ठेवायचे, संध्याकाळी तशीच असायची. मला वाटलं, उपाशी मरेल आणि तेही माझ्या माथी येईल. चौथ्या दिवशी तिने शेजारच्या शेवंतीकडून निरोप पाठवला.

"हय बस," म्हणाली. मी बसले. "माझ्या तोंडार सांग, ती तेवां कित्याक बोलली आपणच चलवत होती म्हणान?"

मी म्हटलं, "मी रांडमुंड बाय. सायकलीर. गावान माका..."

"गावान तुका फाडून खाल्लां असतां," ती म्हणाली. "तां तिका कळलां? परक्या मुलकातल्या बायलेक?"

"व्हय."

मग ती म्हणाली, "आठ वर्सां सकाळी उठान पयली शिवी मी तिका घालतंय. देवाचा नाव मागसून. ती हय बसान माझे पाय पुशी, तेवांय घातलंय. माझी कंबर गेली, ती जावंदे. पन त्यो शिव्यो चुकीच्या दारात गेल्यो. त्यो मी परत कश्यो घेव?"

मी म्हटलं, "आता माका घाल."

तर ती चिडली. "तुका? आठ वर्सां तुझी पेज खाल्लंय, आनि तुका शिव्यो घालू?" आणि मग रडायला लागली. मला वाटलं माझ्यासाठी रडते. पण ती म्हणाली, "माका वाटा होता, तू माझी म्हणान येतंस." वहिनी, मी तिची म्हणूनही जात होते. पण ते आता सांगून पटेल कसं?

निघताना म्हणाली, "हरीक, तुझ्या दादाक, सांग. तू सांग, नायतर मी सांगतंय. आनि तिका पत्र घाल. लिही, राधाबायन शिव्यो मागे घेतल्यान."

म्हणून लिहिते आहे. तिने शिव्या मागे घेतल्या आहेत.

नर्मदा


१८ एप्रिल १९६५

वहिनी,

दादा सकाळी मागच्या अंगणात जाळं विणत होता. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत. पूर्ण ऐकेपर्यंत गाठीवर गाठ मारत गेला. मग विणायची सुई खाली ठेवली.

"तिणा माका एकदा तरी सांगूक होया होता," म्हणाला.

मी म्हटलं, "कसां सांगतली? मी घरात होतंय म्हणान तुका सांगितलंय. तिणा सांगितल्यान असतां तर तू कोणाचां खरां मानलं असतंस?"

तो उठला आणि चालत निघाला. छत्री नाही, टोपी नाही. दुपार झाली, तिन्हीसांज झाली. बाबूने येऊन सांगितलं की हरिश्चंद्र कुंभारमाठच्या उतारावर दगडावर बसलेला दिसला, गाडीत ये म्हटलं तर आला नाही.

परत आला तेव्हा दिवे लागले होते. जेवायला वाढलं. पहिला घास हातातच धरून म्हणाला, "नर्मदे, मी तुका इचारलंय. गावाक इचारलंय. बाबूक इचारलंय. तिका इचारूकच नाय." मग पुन्हा म्हणाला, "तिका मी इचारूकच नाय."

माझ्यावर तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

पाडव्याला देवळात सगळे जमले तेव्हा मी पायरीवर उभी राहिले. दादा म्हणाला, मी बोलतो. मी म्हटलं, नको. जे होतं ते सगळं सांगितलं. सायकल कोण चालवत होतं, कोण ओरडलं, कोण पळालं. मानकऱ्यांनी मान खाली घातली. मागून कोणी बाई म्हणाली, "सायकलीर? नर्मदा?" आणि पोरी हसल्या. मला वाटलं होतं दगड पडतील, आणि पोरी हसल्या. आठ वर्षं मी ज्याला भ्यायले ते एवढंच होतं का? की आठ वर्षांत ते एवढंच होऊन गेलं? तेव्हा एवढंच नव्हतं, हे तू जाणतेसच.

दोन आयांनी मुलांना बालवाडीतून काढलं. एक परत आणून सोडून गेली. दादा आणि मी जेवताना बोलत नाही, पण तो आता राधाबाईचं कालवण स्वतः घेऊन जातो.

नर्मदा


२९ जून १९६५

वहिनी,

तुझं पत्र पोचलं. भिजलं होतं, पण शाई पसरली नव्हती. तुझे 'च' आणि 'ज' अजून सारखेच दिसतात.

मी ते तीनदा वाचलं. तुझी आई गेली हे वाचून वाईट वाटलं. तू आता इस्पितळाच्या धोबीखान्यात सगळ्यांची मुख्य झालीस, हे दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. आणि तुमच्याकडे लोक सायकलीच्या वाटेवर मोटारी उभ्या करतात म्हणून तू रोज भांडतेस, तेही. दादा त्या जागी हसला. आम्हाला वाटायचं की तू फक्त आमच्या रस्त्याला वैतागली होतीस.

पण एक ओळ मी त्याला वाचून दाखवलेली नाही. तू लिहिलं आहेस की उताराला तू सीट सोडली होतीस. दमली होतीस, हात सुटला, आणि तू मला हाक मारून सांगितलं नाहीस. म्हणून 'माजी चूक' म्हणालीस ते खोटं नव्हतं, 'मी चलवत होतंय' हे तेवढं खोटं होतं. वहिनी, हे तू मला दिलासा द्यायला लिहिलंस की खरंच तसं होतं? वाळूवर तू सीट सोडलीस ते मला कधी कळलं नाही, तसं उतारावरही कळलं नसेल. मी फार विचार केला. मग ठरवलं की तू लिहितेस ते खरं मानायचं. तुला एकदा कोणी विचारलंच नाही, तेवढं पुरे.

तू परत येणार नाहीस, हेही तू सरळ लिहिलंस. मी रडले, पण मला ते पटलं. बारा वर्षांपूर्वी तू आमच्यासाठी एक देश सोडलास, मग आमचा सोडलास. तिसऱ्यांदा कोणी सांगू नये.

चार दिवसांपूर्वी दादाने माझ्याकडून कागद मागून घेतला. बोटीवर इतकी वर्षं काढली, पण त्याने घरी कधी चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं नव्हतं. 'खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा.' पडवीत बसला. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, "सुरवात कशी करूची?" मी म्हटलं, तुझं तू बघ, आणि चुलीकडे गेले. पाऊस कोसळत होता. तो आणखी कागद मागायला आला. मग पुन्हा आला. दुसऱ्या दिवशीही लिहीत होता. मी एक अक्षर वाचलेलं नाही. पाकीट त्याने स्वतः भाताच्या शितांनी चिकटवलं आणि माझ्याकडून वरचा पत्ता तेवढा काढून घेतला.

काल ते पोस्टात टाकायला मीच गेले. पोस्टमास्तरांनी काट्यावर ठेवलं, परत ठेवलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "हरी इतकां बोलूक कधी शिकलो गो?"

नर्मदा